चातुर्मासाआधीचा चुना



पर्युषणात कल्पसूत्राचं वाचन आपण दरवर्षी ऐकतो. चौदा स्वप्नं येतात, जन्मवाचनाचा सोहळा होतो, स्थविरांची यादी येते. शेवटी सामाचारीचा भाग येतो, म्हणजे साधू-साध्वींच्या पावसाळ्यातल्या नियमांचा. तिथवर पोचेतो बऱ्याच जणींचं अर्धं लक्ष पारण्याच्या तयारीकडे गेलेलं असतं. पण त्या भागाच्या सुरुवातीलाच एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आपल्यासारख्या घर सांभाळणाऱ्या बायकांनी नीट ऐकावं असं आहे.

प्रश्न असा, की भगवान महावीरांनी पावसाळ्याचा एक महिना आणि वीस रात्री गेल्यावर पर्युषणा का केली? उत्तरात तत्त्वज्ञान नाही, घराची डागडुजी आहे. तोपर्यंत गृहस्थांची घरं तयार झालेली असतात. चटयांचे आडोसे बांधून झालेले असतात, भिंती पांढऱ्या करून झालेल्या असतात, छपरं शाकारलेली, जमिनी सारवलेल्या, घासून गुळगुळीत केलेल्या, धूप दाखवलेला, पाणी वाहून जायला चर आणि मोऱ्या खणलेल्या. आणि हे सगळं गृहस्थांनी स्वतःसाठी केलेलं असतं. साधू येणार म्हणून कुणी भिंत रंगवली, तर त्या कामात जे जीव दुखावले त्याचा दोष साधूंच्या वाट्याला जाईल. म्हणून घर आधी तयार, आणि मग पर्युषणा.

कल्पसूत्र वलभीला लिहून काढलं गेलं त्याला दीड हजार वर्षं झाली. म्हणजे पावसाळा आणि भिंतीचा पांढरा हात यांची सांगड किमान तेवढी जुनी आहे. जुन्या घराला आतून कोणता रंग द्यावा हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात बऱ्याच जणींनी विचारला. बहुतेकींची अट एकच, की भिंतीची वाफ बाहेर पडू देणारा हवा आणि खिशाला परवडणारा हवा. त्याचं उत्तर मी दुकानातल्या रंगांच्या तक्त्यापासून सुरू न करता इथून सुरू करते, कारण ते उत्तर आपल्या भिंतींच्या इतिहासात आधीच लिहिलेलं आहे.

माझं माहेर नांदेडचं. गोदावरीच्या बाजूच्या जुन्या वस्तीत घर आहे. भिंती दगड-मातीच्या, हातभर जाड, वर पूर्वी माळवद होतं. माझं सासर लातूरचं. दोन्हीकडे अशी घरं अजून उभी आहेत आणि दोन्हीकडे एकच तक्रार ऐकू येते : ओल चढते, लोणा लागतो, रंगाचे पोपडे निघतात. दादानं दोन वर्षांपूर्वी माजघराची भिंत खरवडायला घेतली तेव्हा मी तिथेच होते. एक जाडसर पोपडा हातात घेऊन कडेनं पाहिला, तर त्यात घराचा सगळा इतिहास थरांनी बसलेला होता.

सगळ्यात आतला थर माती आणि भुशाचा. त्यावर पांढरी माती. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, राख-माती मिसळत गेली, अशा जागेची माती पांढरट होते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते, म्हणून ती भिंतीच्या कामाची नाही. पांढरी तशी फुगत नाही. मराठवाड्यातल्या गढ्यांचे उंचच उंच बुरूज याच मातीचे. माळवदावर हीच, भिंतीला पोतेरा हिचाच. फुकट मिळायची, घरच्याच बायका लावायच्या, आणि आजच्या भाषेत सांगायचं तर पूर्णपणे 'ब्रीदेबल' होती.

मातीच्या गिलाव्याची ही विद्या आपल्या भागात किती जुनी आहे ते पाहायला वेरूळला जावं. तिथल्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे आणि तंतू मिसळलेले सापडले. पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी मिळून केलेला हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते या तंतूंमुळे गिलावा ओल सांभाळत राहिला आणि किडीपासूनही वाचला. पुढे आपल्या जैन लेण्यांत, म्हणजे ३० ते ३४ क्रमांकांच्या लेण्यांत, इंद्रसभेच्या छतावर चित्रं काढली गेली, त्यांचे अवशेष आजही वर पाहिलं की दिसतात. हजार वर्षांहून जास्त काळ पावसाळे सोसलेला रंग पाहायचा असेल, तर तो तिथे आहे.

पोपड्यातला पुढचा थर चुन्याचा, आणि तो सगळ्यात जाड. एक नाही, कितीतरी हात एकावर एक, वहीच्या पानांसारखे. दरवर्षी एक. मधेच निळसर झाक असलेली काही पानं, ती नीळ घातलेल्या चुन्याची.

चुन्याची गोष्ट मला नेहमी फार समाधान देते. चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजतात. त्यातून कर्बवायू निघून जातो आणि दगडाचं वजन जवळजवळ ४४ टक्क्यांनी घटतं. उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो फुसफुसतो, तापतो, फुलतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीला लावला, की तो हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे चुन्याचा हात सुकतो तेव्हा भिंतीवर एक पातळ दगडच तयार होतो, पण बारीक छिद्रांचा. भिंतीतली ओल त्यातून वाफ होऊन बाहेर पडते. भिंत 'श्वास घेते' म्हणतात ते एवढंच. हवा आत-बाहेर करत नाही, आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते.

श्रीमंतांच्या वाड्यात आणि किल्ल्यांत चुना नुसता हात देण्यापुरता नव्हता, तर जोडकामातही होता. किल्ल्यांवर चुना मळायच्या घाण्याचं गोल चर आणि दगडी चाक अजून पाहायला मिळतं, बैल जुंपून ते फिरवत. चुन्याच्या पक्क्या कामाला गच म्हणत. चुनेगच्ची वाडा हा शब्द तिथला, आणि आपण ज्या गच्चीवर पापड वाळवतो तिचं नावही तिथूनच आलं. साध्या घरात मात्र भिंत मातीची आणि वरून फक्त चुन्याचा हात, एवढंच असे. तेवढंही पुरेसं होतं.

चुना जंतू मारतो हे सरकारलाही ठाऊक होतं. १८९७ साली पुण्यात प्लेग समितीनं घरोघर झडती घेतली तेव्हा घरं धुऊन चुना फासणं हा त्या मोहिमेचा भाग होता. ती मोहीम ज्या पद्धतीनं राबवली गेली तिचा राग इतिहासात नोंदला गेला आहेच. पण चुना तिथे शोभेसाठी नव्हता, औषध म्हणून होता. ओला चुना इतका क्षारधर्मी असतो, की त्यावर बुरशी तग धरत नाही.

इथे आपल्या धर्माचा प्रश्न येतो, आणि मला वाटतं खरा प्रश्न हाच आहे.

माझी आई चातुर्मासात माजघरात सामायिकाला बसत नसे. त्या भिंतीवर आषाढ संपता संपता बुरशीचे ठिपके येत. दादा म्हणायचा, अॅसिडच्या पाण्यानं पुसून टाकू. आई पुसू द्यायची नाही. ती आसन उचलून ओसरीवर यायची आणि चार महिने तिथेच बसायची. शेजारणींना हा हट्ट वाटायचा. पण तिच्या मागे आगम उभा आहे. दशवैकालिकाच्या आठव्या अध्ययनात आठ सूक्ष्म सांगितले आहेत, त्यांत एक 'पणग', म्हणजे आपण फूलन म्हणतो ती. कल्पसूत्राच्या सामाचारीत तिचे पाच रंग दिले आहेत : काळी, निळी, तांबडी, पिवळी, पांढरी. जिच्यावर ती उगवते त्या वस्तूच्याच रंगाची ती असू शकते, म्हणून पुन्हा पुन्हा निरखून पाहा, असंही तिथे सांगितलं आहे. फूलन अनंतकाय आहे. सुईच्या टोकावर मावेल एवढ्या ठिपक्यात अनंत जीव.

म्हणून जैन घरात बुरशी आल्यावर काय करायचं हा प्रश्न उशिराचा आहे. पुसली तरी हिंसा, ठेवली तरी घरातल्या लेकरांच्या छातीला त्रास आणि येता-जाता तिला धक्का. ती येऊच नये अशी भिंत ठेवणं, ही खरी जयणा. आणि अशी भिंत रंगाच्या डब्यातल्या बुरशीनाशकानं होत नाही. ती कोरडी राहिली तरच होते. आजी-पणजीनं दरवर्षी दिलेला तो चुन्याचा हात हा स्वस्तातला रंग होता, आणि अहिंसेचं व्रतही होतं. त्या तसं बोलून दाखवत नसत, एवढंच.

मग हे तुटलं कुठे? पोपड्याचे वरचे थर ते सांगतात.

चुन्यावर एक गुलाबी थर होता, कोरड्या डिस्टेंपरचा. डिस्टेंपर म्हणजे मुळात खडूची भुकटी आणि ती धरून ठेवायला काहीतरी चिकट. जुन्या काळी ते चिकट बहुधा सरस असे, म्हणजे हाडं-कातडी उकळून काढलेला. चुना हाताला लागतो, कपड्याला लागतो, म्हणून लोक डिस्टेंपरकडे वळले. बैठकीत ते शोभेचं झालं. त्यात सरस असतो का, हे आमच्या घरात कुणी विचारल्याचं आईला आठवत नाही.

तरीही बराच काळ भिंती बचावल्या, कारण सिमेंट सहज मिळत नव्हतं. परमिटचा जमाना होता. १९८२ मध्ये सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. लातूर जिल्हा झाला तोही १९८२ सालीच. नवी कचेरी, नव्या वसाहती, नवं बांधकाम, आणि हे सगळं सिमेंटचं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी दोन-चार वर्षांतच जुन्या काळातला ठरला.

मग ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. आपल्या दिगंबर बांधवांच्या दशलक्षण पर्वाची सांगताही अनंत चतुर्दशीचीच. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावंच्या गावं दगड-मातीच्या ढिगात गेली. हजारो माणसं झोपेतच गेली. माझ्या सासूबाई सांगतात, लातूर शहरातलं आमचं घर उभं राहिलं, पण त्यानंतर कित्येक महिने घरातलं कुणी छताखाली झोपलं नाही.

त्या रात्रीनंतर मराठवाड्यात दगड-माती म्हणजे मरण आणि सिमेंट म्हणजे जीव, हे मनात पक्कं बसलं. ज्यांनी घरची माणसं ढिगातून काढली त्यांना आपण वेगळं काही शिकवायला जाऊ नये. पण अभियंत्यांनी नंतर कारणं पाहिली, ती समजून घ्यायला हवीत. त्या भिंती दुपदरी होत्या. आत एक पदर, बाहेर एक पदर, मधे खडी-माती भरलेली, आणि दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. वर माळवदाचा मातीचा प्रचंड भार. दरवर्षी गळती थांबवायला नवी माती टाकत टाकत तो वाढलेला. जमीन हलली तसे पदर सुटले आणि छत खाली आलं. दोष मातीच्या स्वभावात नव्हता, बांधणीत आणि भारात होता.

पण बांधणी दुरुस्त करणं अवघड आणि वरून सिमेंट फासणं सोपं. पुनर्वसनात नवी गावं वसली ती सिमेंटची, ते समजण्यासारखं आहे. जी जुनी घरं उभी राहिली, त्यांच्या आतल्या भिंतींना मात्र लोकांनी भीतीपोटी चार-पाच फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. त्यानं पदर बांधले जात नाहीत. भूकंपासाठी आरपार दगड, पट्टा आणि हलकं छत लागतं, गिलाव्याचं कवच नव्हे. (तुमचं घर जुनं असेल तर रंगाच्या आधी एकदा चांगल्या अभियंत्याकडून भिंती दाखवून घ्याच. रंग घर सुंदर करतो, मजबूत करत नाही.)

सिमेंट लावल्यावर भिंतीचं काय झालं, ते नांदेडच्या माजघरात दिसलं. जमिनीतली ओल भिंतीत चढतच होती. पूर्वी ती चुन्यातून उडून जायची. आता सिमेंटनं वाट अडवली, म्हणून ती सिमेंटच्या वर, पाचव्या-सहाव्या फुटावर फुटली. तो डाग झाकायला ऑइलपेंट आला. ओल आणखी वर गेली. मग पुट्टी, मग प्लास्टिक इमल्शन. पाण्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या मागे साचले, त्यांचे खडे झाले, आणि त्यांनी रंग आतून ढकलून दिला. तोच लोणा. ज्या रंगाऱ्यानं दहा वर्षं टिकेल म्हणून खात्री दिली होती, त्याचा रंग दुसऱ्या श्रावणात सुटला. एवढा महागाचा रंग, आणि बुरशी पूर्वीपेक्षा जास्त. ज्या घरात वर्षाला एक चुन्याचा हात पुरत होता, तिथे आई ओसरीवर जाऊन बसली.

जगातही ही गोष्ट घडलेली आहे. थंड, पावसाळी मुलखात चुना लवकर झिजतो म्हणून जर्मनीतल्या कायम यांनी १८७८ साली खनिज सिलिकेटचा रंग काढला. तो दगडाशी एकजीव होतो आणि वाफही जाऊ देतो. आजही तो उत्तम मानतात. पण आपल्याकडे त्याची किंमत सामान्य घराला झेपण्यासारखी नाही. खादी ग्रामोद्योग आयोगानं १२ जानेवारी २०२१ला गाईच्या शेणापासूनचा 'प्राकृतिक पेंट' बाजारात आणला. तेव्हा डिस्टेंपर १२० रुपये आणि इमल्शन २२५ रुपये लिटर होतं. सिमेंट-विटांच्या कोरड्या भिंतीला त्याचा विचार जरूर करा. पण कोणत्याही डब्यावर 'नैसर्गिक' लिहिलेलं असलं तरी विचारायचं ते हे : यात धरून ठेवणारा पदार्थ कोणता, आणि त्याचा पापुद्रा तयार होतो का? इमल्शन म्हटलं की पापुद्रा आला. ओल असलेल्या दगड-मातीच्या भिंतीला साधा चुनाच बरा, आणि खर्चातही तोच सगळ्यात खाली. चुन्यात पैसा मालाला कमी आणि मजुरीला जास्त जातो. मजुरी आपली असेल तर मग बघायलाच नको.

आता कृती. सरकारी बांधकामाच्या नियमांत पांढऱ्या हाताचं जे प्रमाण दिलेलं आहे तेच मी वापरते, कारण ते आजीच्या अंदाजाशी जुळतं.

आधी मोरी. कल्पसूत्राच्या त्या यादीत भिंतीबरोबर चर आणि मोऱ्या आहेत, ते उगाच नाही. भिंतीला लागून पाणी साचत असेल, बाहेरच्या रस्त्याची उंची वाढून घर खड्ड्यात गेलं असेल, नळ गळत असेल, तर ते आधी नीट करा. नाहीतर कोणताही रंग हरणारच.

मग जुने पापुद्रे. प्लास्टिकच्या रंगावर चुना बसत नाही, तो खरवडावाच लागतो. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधून, लहान मुलं आणि गरोदर बायकांना लांब ठेवून खरवडा. खालचा सिमेंटचा गिलावा ओल धरून असेल तर तो गवंड्याकडून काढून चुना-वाळूचा करून घ्यावा, आणि भिंत एखादा उन्हाळा उघडी सुकू द्यावी. धीर धरायचा टप्पा हाच.

काम सुरू करण्याआधी भिंत पुंजून घ्या. मऊ झाडूनं, वरून खाली, हळू. फोटोच्या मागे, खुंट्यांच्या खाली, फळीच्या कोपऱ्यात पालीची अंडी आणि कोळी असतात. आपल्याकडे पुंजणी असतेच.

एक किलो कळीच्या चुन्याला साधारण पाच लिटर पाणी, तेही गाळलेलं. लोखंडी पिंपात पाणी घेऊन त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नका, उकळी अंगावर येते. प्लास्टिकची पातळ बादली वापरू नका. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. डोळ्यात थेंब गेला तर भरपूर पाण्यानं धूत राहा आणि डॉक्टर गाठा. विरताना पिंपावर जाळी किंवा झाकण ठेवा, म्हणजे त्यात मुंगी-माशी पडणार नाही. २४ तास तसंच ठेवून जाड्याभरड्या कापडातून गाळून घ्या.

दहा लिटर चुन्याला ४० ग्रॅम डिंक, गरम पाण्यात विरघळवून. झाडाचा डिंक घ्या, सरस नको. पूर्वी तांदळाची खळही घालत. पण खालच्या ओलसर दोन-तीन फुटांत डिंकही नको आणि खळही नको, कारण तेच बुरशीचं खाणं होतं. तिथे नुसता चुना. ओल असलेल्या भिंतीला मीठही घालू नका, ते हवेतलं पाणी ओढतं.

पांढरेपणा खुलवायला किलोला तीन ग्रॅमपर्यंत नीळ चालते. नीळ म्हटलं की काहींच्या मनात शंका येईल, कारण हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात लाक्षावाणिज्य या वर्ज्य व्यापारात लाखेबरोबर नीळही मोजली आहे. ती झाडाची नीळ, पाला हौदात कुजवून काढलेली. आज कपड्यांसाठी जी भुकटीची नीळ मिळते ती बहुधा कारखान्यातली खनिज नीळ, तिच्यात ते कुजवणं नाही. तरीही मन घेत नसेल तर गेरू किंवा पिवळी माती आहेच. पण मातीचे हे रंग थोडेच घाला, चुना सुकल्यावर फिका दिसतो.

कुंचा पाहून घ्या. रंगाचे जुन्या पद्धतीचे ब्रश डुकराच्या केसांचे असतात. केकताडाच्या वाखाचा कुंचा मिळाला तर उत्तम, नाहीतर नायलॉनचा.

भिंत आधी पाणी मारून ओलसर करा. चुना दुधासारखा पातळ ठेवा. एकाच हातात वरून खाली, खालून वर, मग आडवा, आणि तोही सुकायच्या आत. लावताना भिंत दिसतच राहते, रंग लागलाच नाही असं वाटतं. सुकल्यावर पांढरा उठतो. नव्या किंवा खरवडलेल्या भिंतीला असे तीन हात, प्रत्येक हात नीट सुकल्यावर पुढचा. आपल्याकडच्या वैशाखात भर दुपारी लावू नका, कडक उन्हात चुना भाजल्यासारखा सुकतो आणि मग भुकटी होऊन हाताला लागतो. सकाळी लवकर लावा आणि दोन-तीन दिवस पाण्याचा हलका फवारा मारा. दसरा-दिवाळीची हवा त्याला सगळ्यात मानवते. तेव्हा मोठं काम करावं आणि पुढच्या ज्येष्ठात एक हात उजळणीचा, चौमासी चौदस येण्याआधी.

आता कुणी विचारेल, भट्टी पेटते, दगड फुटतो, पाणी उकळतं, मग चुन्यात हिंसा नाही का? आहे. पृथ्वीकाय, अग्निकाय, अप्काय, सगळेच येतात. घर चालवायचं म्हणजे आरंभी हिंसा सुटत नाही, श्रावकाला ती कमीत कमी करायची असते. चुन्याची भट्टी ९०० अंशांवर भागते, सिमेंटची १४५० अंशांपर्यंत जाते. चुना हवेत सोडलेला कर्बवायू बऱ्याच अंशी भिंतीवर बसून परत घेतो. आणि त्यानंतर वर्षभर भिंतीवर जे अनंत जीव जन्मलेच नाहीत म्हणून मेले नाहीत, ते हिशेबात धरा.

चुन्याची एकच खोट लोक काढतात, की तो दरवर्षी द्यावा लागतो. मला ती खोट वाटत नाही. प्रतिक्रमण आपण एकदाच करून दहा वर्षांची हमी मागत नाही. भिंतीपाशी वर्षातून एकदा जाऊन ती कुठे ओली आहे, कुठे फुगली आहे, मोरी कुठे तुंबली आहे हे पाहणं, हीच तर तिची निगा. झाकून टाकणारा रंग आपल्याला ते पाहू देत नाही. कल्पसूत्रातल्या गृहस्थांनी ते काम दर पावसाळ्यात स्वतःसाठी केलं, आणि म्हणूनच त्यांच्या दारी आलेल्या साधूंना निर्दोष निवारा मिळाला.

नांदेडच्या माजघराला आता दोन दिवाळ्या चुना लागला आहे. खालच्या फूटभरात अजून थोडी ओल दिसते, लोणाही थोडा झडतो, तो मऊ झाडूनं उतरवावा लागतो. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम जाणार नाही. पण गेल्या चातुर्मासात त्या भिंतीवर फूलन आली नाही, आणि आईचं आसन ओसरीवर गेलं नाही.

तुमच्या घरी जुनी भिंत असेल तर पुढच्या वेळी पोपडा निघेल तेव्हा तो फेकण्याआधी कडेनं पाहा. तुमच्या घरातल्या कोणत्या आजीपर्यंत चुना होता आणि कोणत्या वर्षी तो थांबला, ते त्यात मोजता येईल. मग दुकानात जा.